हवा माइल्ड असताना

कुसुमवन्सं, आम्ही राजापूरच्या घरातून निघालो त्या पहाटेची आठवण तुम्ही सगळे अजून काढता, असं फोनवर म्हणालात. मीही काढते. माझी जरा वेगळी आहे, एवढंच.

ऐंशी साल. लग्न होऊन तीन महिने झाले होते आणि व्हिसा येईपर्यंत मी तुमच्याकडेच राहिले होते. बॅगा पडवीत रांगेने लावलेल्या, अर्धी भावकी निरोपाला जमलेली. तुमच्या आई चुलीपुढे बसल्या, राख बाजूला करून त्यांनी रात्रीचा विस्तव उकरून काढला, चार काटक्या घातल्या, एक फुंकर मारली आणि चहाचं आधण ठेवलं. मग पडवीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हिला विस्तव राखता येत नाही हो. कितीदा शिकवलं, कितीदा विझवला. आणि मधू हिला बर्फात नेतोय!" सगळे खो खो हसलात. तुम्ही तर पदर तोंडाला लावून. मीही हसले. नव्या नवरीला दुसरं काय करता येतं?

त्या खोटं बोलत नव्हत्या. मी पुण्याची, गॅसच्या शेगडीवर वाढलेली. तुमच्या घरी रात्रीचं आवरलं की निखारे एका जागी ओढायचे, त्यावर राख लोटायची, वरून हलकेच थोपटायची, की सकाळी काडेपेटी लागत नाही. माझ्या हातून राख जास्त पडायची आणि विस्तव गुदमरायचा, नाहीतर कमी पडायची आणि तो जळून जायचा. तुमच्या आई म्हणायच्या, मधूला बघ, सातव्या वर्षापासून येतंय. हे जरा लक्षात ठेवा, वन्सं. हे मी आज रचून सांगत नाही, तुम्ही तिथे बसला होतात.

विमानतळावर माझे वडील आले होते. ते कमी बोलणारे. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "परक्या देशात वाद घालू नकोस. आपली बाजू खरी असली की गप्प राहायचं. लोकांना आपोआप कळतं." बिचारे माझे बाबा. आपोआप काही म्हणजे काहीही कळत नाही, हे त्यांना कोणी सांगायला हवं होतं.

एडिनबराच्या बाहेर, टेकड्यांच्या पायथ्याशी तुमच्या भावाने दगडी कॉटेज घेतलं होतं. शहरातल्या फ्लॅटमध्ये त्याचा जीव रमेना. सेंट्रल हीटिंग नव्हतं. खालच्या खोलीत लोखंडी वुड स्टोव्ह होता, काळा, ठेंगणा, काचेच्या दाराचा. त्याच्यावर तुमचा भाऊ इतका खूश, की लंडनजवळच्या स्टॅनमोरहून त्याचे मित्र आले की आधी त्यांना स्टोव्ह दाखवायचा आणि मग बायको. रात्री झोपायच्या आधी तो स्वतः निखारे मागे ओढायचा, त्यावर राख लोटायचा, फावड्याने थोपटायचा आणि खालची हवेची झडप घट्ट बंद करायचा. "आईची मेथड," म्हणायचा. "सकाळी मॅचस्टिक लागत नाही." मी मनात म्हणायची, चला, एका कामातून सुटले.

पहिली दोन वर्षं थंडी अशी पडली, की खिडकीच्या आतून बर्फ धरायचं. तेव्हा ती मेथड चालून गेली. बाहेर कडाक्याची थंडी असली की धुराडं जोरात ओढतं, आतला सगळा वाईट वायू वर नेतं. हे मला नंतर कळलं, स्टोव्ह तपासायला आलेल्या माणसाकडून. तो म्हणाला, बाहेरची हवा माइल्ड, म्हणजे फारशी थंड नसली, की धुराडं ओढतच नाही, वायू खोलीत उतरतो आणि त्याला वास नसतो. अशा हवेत एकतर झडप उघडी ठेवून छोटासा, चांगला फडफडता जाळ करावा, नाहीतर पेटवूच नये. राखेखाली विस्तव ठेवून झडप लावणं हे सगळ्यात वाईट. तुमच्या चुलीला कौलांच्या फटी असतात, वन्सं. इथे लोखंडाची बंद पेटी आणि दगडाच्या भिंती.

केतकी दीड वर्षाची होती तेव्हाचा ख्रिसमस तसाच निघाला. थंडी नाही, वारा नाही, नुसतं धुकं आणि रिपरिप. केतकी सर्दीने रडायची आणि तुमच्या भावाची झोप मोडायची, म्हणून आम्ही दोघी खाली स्टोव्हजवळ गादी टाकून झोपायचो आणि तो वर. सणाच्या दोन दिवस आधी रात्री त्याने नेहमीसारखा विस्तव राखेत पुरला, झडप लावली, वर गेला. सकाळी लवकर उठून परस्पर कामाला गेला. खोलीत डोकावलासुद्धा नाही.

मला जाग आली ती डोक्यात घण पडत असल्यासारखी. उठायला गेले तर पाय माझे नाहीत. केतकीला हाक मारली, ती हलली नाही. तिचे गाल लालबुंद झाले होते, आणि मला वाटलं, छान ऊब लागलीये पोरीला. हे वाटणं मी अजून विसरलेले नाही. शेजारची मॉइरा कुत्र्याला फिरवून येताना रोज दूध आत आणून द्यायची. तिने दार उघडलं, एक किंकाळी मारली, केतकीला उचलून बाहेर गवतावर नेलं आणि मग मला काखेत धरून ओढत नेलं. साठीची बाई ती. त्या दिवशी ती आली नसती, तर हे सगळं सांगायला मी उरले नसते.

हॉस्पिटलमध्ये माझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. पलीकडच्या खोलीत केतकीच्या इवल्याशा तोंडावरही होता. तुमचा भाऊ ऑफिसच्या सुटात आला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, स्टोव्हला शेवटचा हात कोणी लावला? तो एक क्षणही अडखळला नाही, वन्सं. म्हणाला, "My wife. She comes from a village, you see. She is used to open fires."

मी! नारायण पेठेतली मी खेड्यातली, आणि राजापूरच्या चुलीपुढे वाढलेला हा शहरी! मी मास्क ओढायला गेले, तर नर्सने माझा हात धरला आणि गोड आवाजात म्हणाली, शांत राहा, कोणी तुम्हाला रागावत नाही. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे ज्या दयेने पाहिलं, त्यापेक्षा मुस्काटात मारली असती तर परवडलं असतं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "अहो, असं का सांगितलंत?" तर म्हणाला, "मला इथे नोकरी करायची आहे. तुला काय, तुला कोण ओळखतं?" केतकी वाचली, तिला काही झालं नाही, एवढ्या आनंदात मी ते गिळलं. शिवाय बाबांचं वाक्य होतंच. आपोआप कळेल.

मग त्याने राजापूरला ट्रंक कॉल लावला. मी शेजारी उभी होते. "आई, सुनंदाने विस्तव राखेत पुरून ठेवला आणि झडप लावली. पोरगी थोडक्यात वाचली." असं त्याने तुमच्या आईला सांगितलं. वन्सं, ज्या बाईने तीन महिने माझा विझलेला विस्तव पाहिला, भावकीला सांगून हसवलं, त्या बाईला! पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. मग त्या म्हणाल्या, "कळलं." एवढंच. आणि पुढच्या गणपतीपर्यंत सगळ्या राजापुरात झालं, की मधूच्या बायकोने पोर मारलीच होती.

तुमच्यापैकी एकालाही वाटलं नाही, की अरे, हिला तर विस्तव राखताच येत नव्हता? तुम्ही मला फोनवर म्हणालात, "वहिनी, आईपणाला जरा डोळे हवेत." मी इकडे रिसीव्हर धरून बसले होते. तुम्हाला आठवत नसेल.

त्यानंतर घरात कायदा आला. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर थर्मामीटर लागलं. हवा माइल्ड असेल, तर मी स्टोव्ह पेटवायचा नाही. बोलायला बरोबरच होतं. कायदा चुकीचा असता तर भांडले असते, पण स्टोव्ह तपासणारासुद्धा तेच सांगून गेला होता. फक्त त्याने दुसरीही वाट सांगितली होती, झडप उघडी ठेवून छोटा जाळ करण्याची, आणि ती वाट तुमच्या भावाने स्वतःसाठी ठेवली. शनिवार-रविवारी तो घरी असला की धुकं असो, रिपरिप असो, स्टोव्ह मस्त पेटायचा. स्टॅनमोरचे मित्र आले की तर बघायलाच नको. त्यांना तो हसत हसत सांगायचा, माझ्या बायकोला मात्र आगीजवळ जाऊ देत नाही हं. आणि ते माझ्याकडे बघून हसायचे.

माइल्ड म्हणजे काय, ते इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. वर्तमानपत्र म्हणतं माइल्ड, बसमधली माणसं म्हणतात "lovely and mild", आणि दगडी भिंतींतून ओल हाडात शिरत असते. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. पीठ भिजवताना बोटं वळत नाहीत. खऱ्या बर्फाच्या दिवसात मी सुखी असायची, कारण तेव्हा पेटवायची मुभा होती. डिसेंबर उबदार निघाला की मी कपाटातली सगळी स्वेटरं बाहेर काढून ठेवायची. घरात एक इलेक्ट्रिक हीटर होता, तो केतकीच्या खोलीत, आणि तो हलवायचा नाही असंही ठरलेलं. पुढे मी गावातल्या लायब्ररीत अर्धवेळ नोकरी धरली. लोकांना वाटायचं, वाचनाची आवड. मी रेडिएटरसाठी जात होते.

स्टोव्हच्या दाराचं हँडल निघतं. ते लावल्याशिवाय तापलेलं दार उघडता येत नाही, म्हणून ते वेगळं ठेवतात. सुरुवातीला माइल्ड दिवशी तुमचा भाऊ ते कोटाच्या खिशात घालून ऑफिसला न्यायचा. केतकी पाच वर्षांची झाली, शाळेत जायला लागली, तेव्हा त्याने ते तिच्या हातात दिलं. गुडघे टेकून, तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "You're in charge. मम्मीने एकदा चूक केली होती, तू बेबी होतीस, you nearly died. आता तू बघायचं." पोरगी इतकी गंभीर झाली, इतकी अभिमानाने फुलली, की मला तोंड उघडवेना.

माइल्ड दिवशी ती ते हँडल शाळेच्या दप्तरातून न्यायची. सुट्टीच्या दिवशी मी म्हणायची, "केतू, दे ना ग. बोटं बघ माझी." ती स्टुलावर चढून थर्मामीटर बघायची आणि सांगायची, "नाही मम्मी. ते माइल्ड आहे." कधी मी नुसती स्टोव्हपुढची राख झाडायला बसले, तरी ती धावत यायची. "Mummy, what are you doing?" स्वतःच्या पोटच्या पोरीने आपल्याकडे तसं बघावं, वन्सं! मैत्रिणीकडे राहायला गेली, तर तिथून फोन करून विचारायची, "तू स्टोव्हला हात नाही ना लावला?" मॉइराला हे असह्य झालं. ती एकदा म्हणाली, सांग ना मुलीला, मी उभी राहते तुझ्या बाजूने. मी म्हटलं, मोठी झाली की तिला आपोआप कळेल.

केतकी बारा वर्षांची असताना आम्ही दोघी राजापूरला आलो होतो, ते तुम्हाला आठवत असेल. गॅस आला होता, तरी तुमच्या आईंनी मागची चूल सोडली नव्हती. एका सकाळी त्या राख उकरत होत्या, केतकी शेजारी पाटावर बसून बघत होती. निखारा लाल दिसला तशी ती घाबरून मागे सरली. तुमच्या आई म्हणाल्या, "भितेस कशाला गो? तुझा बापूस तुझ्याएवढा असताना रोज करायचा हे." आणि माझा इतक्या वर्षांचा बांध फुटला.

मी म्हटलं, "आई, मग तुम्हाला माहीत होतं. फोन आला तेव्हाच माहीत होतं."

त्यांनी फुंकणी खाली ठेवली नाही. नजरही चोरली नाही. म्हणाल्या, "होतं तर. तुझ्या हातून विस्तव राहिला असता तर मी साखर वाटली असती."

"मग बोलला का नाहीत? गावभर माझं नाव का घेतलंत?"

"तो माझा मुलगा आहे," त्या म्हणाल्या. "आज ना उद्या इथे येईल, चार माणसांत बसेल. बापाच्या हातून पोर मरत होती, असं म्हणवून घेईल का तो? तुझं काय अडलं? तू तिकडे लांब. तुला इथे कुणाला तोंड दाखवायचंय?" मग चहात साखर घालता घालता म्हणाल्या, "आणि तू तरी कुठे काही बोललीस?"

वन्सं, तुम्ही तेव्हा माजघरात तांदूळ निवडत होतात. मला दिसत होतं. तुमचा हात थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

केतकी मराठी बोलताना लिंगवचनात घोळ घालते, पण समजतं तिला सगळं. मुंबईच्या गाडीत बसलो आणि तिने विचारलं, "आजी बोलला ते खरं? डॅडीने केला होता?"

मी म्हटलं, "हो."

मला वाटलं, आता ती माझ्या गळ्यात पडेल. अकरा वर्षं मी त्या क्षणाची वाट बघत होते, खोटं कशाला बोलू? ती खिडकीबाहेर बघत राहिली. चिपळूण गेलं. मग इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मी पाच वर्षांची होते. तू थंडीत बसायचीस आणि मी नाही म्हणायचे. तू मला ते करू दिलंस. You let me."

"अगं, तू लहान होतीस, डॅडींबद्दल तुझ्या मनात…"

"मी लहान होते," ती म्हणाली. "तू मोठी होतीस."

घरी आल्यावर तिने जेवणाच्या टेबलावर बापाला विचारलं. तो भात कालवत होता. म्हणाला, "आजी म्हातारी झाली आहे ग. ती गोंधळते." केतकीने त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी या वेळी बोलले. पहिल्यांदा बोलले, मोठ्याने बोलले, मॉइराला बोलावून आणते म्हटलं. तो उठून हात धुवायला गेला. केतकी म्हणाली, "Mummy, please. It's too late." आणि ताट घेऊन आत गेली. हँडल तिने स्टोव्हवर ठेवलं आणि पुन्हा कधी त्याला हात लावला नाही.

आता तिने अठरा पूर्ण केली आहेत. लंडनला शिकते, वेम्बलीत मैत्रिणींबरोबर राहते. बापाशी बोलते ते हवापाण्याचं. माझ्याशी बोलते, पण सावकाश, जपून, आजारी माणसाशी बोलावं तसं. तिच्या बापाला मी सोडलं नाही, असं तुम्ही कौतुकाने म्हणालात. वन्सं, कौतुक नको. मी इथे राहते, कारण केतकी वर्षातून दोनदा या घरी येते आणि मला दुसरीकडे शोधायचा त्रास ती घेईल याची मला खात्री नाही.

तुमच्या आई गेल्या. तुम्ही म्हणता, आता झालं गेलं विसरा, वर्षश्राद्धाला घरी या, घर तुमचंच आहे. मी येणार नाही. ज्या घरात सगळ्यांना खरं माहीत होतं आणि सगळे तांदूळ निवडत बसले, ते तुमचं घर आहे. खुशाल ठेवा. तुमच्या भावाला पाठवते, त्याला चार माणसांत बसायला आवडेल.

माझं घर कुठलं, ते सांगते. ख्रिसमसला केतकी येते. यंदाही धुकं होतं, घर ओलं गार होतं. तिने बॅग दारात ठेवली, कोटही काढला नाही, आणि आधी माझे हात हातात घेतले. तिचे हात गरम होते. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "तुला थंडी वाजते?" येते तेव्हा दर वेळी विचारते. वाजत असते, वन्सं, हाडापर्यंत वाजत असते. पण हो म्हटलं, तर ती पाच वर्षांची होते. तिचा चेहरा तसा होताना मी एकदा, त्या मुंबईच्या गाडीत, पाहिला आहे. म्हणून मी हात सोडवून घेते आणि सांगते, छे ग, अजिबात नाही.